दोरीबाहेरची पडवी

फार फार पूर्वी, राजे घोड्यावरून फिरत आणि निरोप माणसांच्या पायांनी पोहोचत, त्या काळातली ही गोष्ट. एका तळ्याकाठच्या गावात विणकरांची एक गल्ली होती.

गल्ली सरळ होती. गावातल्या बाकीच्या गल्ल्या वाटेल तिथे वळत आणि वाटेल तिथे अडत. विणकरांच्या गल्लीत मात्र एका टोकाला उभे राहिले की दुसऱ्या टोकाचे तळे लखलखताना दिसे. परगावचा पाहुणा आला की हे लोक त्याला आधी कापड दाखवत नसत. आधी गल्ली दाखवत. "बघा," म्हणत, "कुठे वाक दिसतो का?" पाहुणा नाही म्हणाला की मगच त्याला गूळपाणी मिळे.

या सरळपणामागे कारण होते. कापड विणण्याआधी उभे धागे, म्हणजे ताणा, लांबच लांब ताणून त्याला खळ लावावी लागते. खळ वाळली की धागा कणखर होतो आणि मागावर तुटत नाही. एवढा लांब ताणा कुणाच्या घरात मावणार? तो गल्लीतच ताणायचा. म्हणून ज्यांनी ही वस्ती वसवली, त्या पूर्वजांनी गल्लीच्या दोन्ही अंगांना दोरी धरली आणि ठरवले, की कुणाचे घर कितीही वाढो, भिंत दोरीच्या पुढे यायची नाही. दोरीपुढची जागा ज्याची त्याचीच, पण ती त्याने मोकळी सोडायची.

पहाटे कुणाचा तरी ताणा पडे. घरधनी हाक देई आणि सगळी गल्ली कुंचे घेऊन बाहेर येई. मधे धागे, दोन्ही बाजूंना माणसे. उन्हे तापायच्या आत काम उरकायचे. भांडण असो की अबोला असो, ताण्याला हात लावायला सगळे येत. या रीतीचा त्यांना फार अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

गल्लीच्या मधोमध जे घर होते, त्याचे काठ राज्यभर नावाजलेले होते. म्हणून घरधन्याला सगळे काठकर म्हणत. त्याचे पाळण्यातले नाव काय होते, ते आता कोणी सांगू शकत नाही.

खरे तर काठ विणायची ती त्याची आई. माय-लेक एकाच मागावर शेजारी बसत. तो कापडाचे अंग विणी, आणि कडेला हंसांची रांग आई बोटांनी भरी. ते हंस असे, की कापड हलले की पोहू लागत.

एके दिवशी राजवाड्याचा जासूद गल्लीत आला आणि थेट काठकराच्या दारात थांबला. राजकन्येचे लग्न ठरले होते. लग्नातला अंतरपाट काठकराच्या मागावर विणला जावा, असा राजाचा निरोप होता. त्या दिवशी काठकराची मान अशी ताठ झाली, की पागोट्याला आपला तोल सांभाळावा लागला. गल्लीतल्या प्रत्येकाने येऊन साखर खाल्ली. समोरच्या भागाक्काने तर दोनदा खाल्ली, कारण, ती म्हणाली, पहिल्यांदा चव लक्षात राहिली नाही.

पण त्याच आठवड्यात काठकराने एक गोष्ट पाहिली. आई हंसाच्या चोचीसाठी तांबडा धागा घेत होती, आणि हातात आला होता काळा. तिने तो भरला. मग बोट फिरवले, थांबली, मान कापडाजवळ नेली आणि गुपचूप उसवला. थोड्या वेळाने पुन्हा तेच झाले.

माग घराच्या आतल्या खोलीत होता. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मागे परसातली चिंच. दुपारीसुद्धा तिथे संध्याकाळ असे. इतकी वर्षे आईच्या डोळ्यांनी ती संध्याकाळ भागवून नेली होती. आता डोळे थकले होते. आईला उजेड हवा होता.

काठकराने हे शेजाऱ्यांना सांगितले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तो मनात म्हणाला, 'काठकराच्या घराचे डोळे गेले, हे वाक्य एकदा गल्लीत पडले की तळ्यापर्यंत जाईल. तळ्यावरून राजवाड्यापर्यंत जाईल. मग कसला अंतरपाट आणि कसले काठकर.' त्याने कुणालाच काही सांगितले नाही. बायकोलाही बजावले, की हे घराबाहेर जाता कामा नये.

घर वाढवायला जागा एकाच बाजूला होती, पुढे. तिथे तीन बाजूंनी उजेड घेणारी पडवी झाली, तर माग आणि आई दोघेही तिच्यात मावणार होते. मात्र दोरीच्या आत राहून ते जमणार नव्हते. दोरीच्या आत नुसता ओटा होता, चार माणसे टेकतील एवढा.

पाया खणायला घेतला त्या सकाळी उजवीकडचा शेजारी हरबा राखुंडी लावत बाहेर आला. त्याचे बोट तोंडातच राहिले.

"काठकर, झाड लावतोस काय?"

"पडवी बांधतोय."

"दोरीच्या आत ना?"

काठकर खणत राहिला.

"अरे, माझ्या दारातून तळं दिसायचं ते आता तुझी भिंत दिसेल."

"लिंपून घेईन चांगली. बघत बस."

हरबाने चूळ भरली आणि तो थेट तात्यांकडे गेला. तात्या म्हणजे गल्लीचे कारभारी. त्यांचे घर गल्लीच्या टोकाला, तळ्याच्या तोंडावर होते. समोर काहीच आडवे नसल्यामुळे त्यांच्या ओसरीवर सकाळपासून दिवे लागेपर्यंत ऊन खेळत असे. संध्याकाळी त्याच ओसरीवर सगळी गल्ली जमली.

"बोल बाबा," तात्या म्हणाले. "काय मनात आहे तुझ्या?"

"मनात काय असणार? घर माझं, जोतं माझं, पुढची जागाही माझीच."

"तुझीच आहे. म्हणून तर तू सोडायची. दुसऱ्याची जागा सोडण्यात काय मोठेपण?"

भागाक्का पुढे सरकली. गल्लीची खळ ती शिजवायची. तिची खळ मऊ आणि जीभ कडक, असे लोक म्हणत. "राजवाड्याचं काम आलं, तर यानं राजवाडाच बांधायला काढला," ती म्हणाली. "उद्या दारात हत्ती बांधशील. त्याचं शेण कोण काढणार ते आजच ठरवू."

लोक हसले. काठकर हसला नाही.

"याची पडवी झाली की माझीही होणार," हरबा म्हणाला. "मला चार पोरं आहेत. माझ्यापुढचा म्हणेल, मला गोठा पुढे घ्यायचाय. मग ताणा काय डोक्यावर वाळवायचा?"

"या गल्लीचं नाव कुणाच्या काठांमुळे आहे?" काठकराने एकदम विचारले.

बोलणे खरे होते, आणि खरे असूनही बोलायचे नव्हते. मागून कोणीतरी म्हणाले, "आणि त्या काठांच्या ताण्याला कुंचे कोण मारतं?"

तात्यांनी हात वर केला. "काठकर, मी एकच विचारतो. एवढी गरज काय पडली?"

काठकराच्या ओठांवर आईचे नाव आले होते. पण समोर इतकी तोंडे होती, आणि नुकतेच भागाक्काने त्याचे हसे केले होते. तो उठून उभा राहिला.

"गरज कशाला पडायला हवी? ऐपत आहे, म्हणून बांधतो."

तो गेला. मग हरबा म्हणाला, "तात्या, राजाच्या अधिकाऱ्याकडे जाऊ. तो काही दोरीची रीत मोडू देणार नाही."

"जाता येईल," तात्या म्हणाले. "निवाडाही मिळेल. पण बाहेरच्या माणसाला घरात घेऊन भांडण मिटवलं, की तो माणूस घरातच राहतो. आपण सांगत राहू. रोज सांगू."

आणि त्यांनी रोज सांगितले. येता-जाता सांगितले, विहिरीवर सांगितले. काठकराच्या बायकोला बायकांनी पाणी भरताना सांगितले. भिंत मात्र वर येत राहिली. वीटकाम पुरे झाले, कौले चढली, गवाक्षे बसली. पडवी देखणी झाली होती, यात शंका नाही. सरळ गल्लीत ती पुढे आलेल्या दातासारखी दिसत होती, यातही नाही.

काठकराने माग पडवीत आणला आणि आईला हाताला धरून तिथे बसवले. ती फारशी बाहेर पडत नसे. तिने चेहरा वर केला. तोंडावर ऊन आले.

"इथं उजेड कुठून रे आला?"

"नवी पडवी आहे, आई. तुझ्यासाठी."

तिने हाताची बोटे डोळ्यांपुढे धरली, हलवली आणि हसली. मग विचारले, "दोरीच्या आत आहे ना?"

"हो," काठकर म्हणाला.

पडवी उभी राहिल्यापासून बाकीचे विणकर आपले ताणे तळ्याच्या बांधावर नेत होते. तिथे वारा होता, वाऱ्याबरोबर धूळ होती, आणि ओल्या खळीवर धूळ बसली की कापडाचा रंग मळतो. तरी ते जात. अंतरपाटाच्या ताण्याचा दिवस आला तेव्हा बायको हळूच म्हणाली, "आपणही बांधावर जाऊ या." काठकराने नकाराची मान हलवली. बांधावर जाणे म्हणजे चूक कबूल करणे. त्याने आपल्या नव्या भिंतीच्या कोपऱ्यावर एक गुळगुळीत खांब रोवला. ताणा त्या खांबाला वळसा घालून पुढे जाणार होता.

पहाटे त्याने हाक दिली. एकही दार उघडले नाही. त्याने दुसरी हाक दिली, आणि तिच्यात पहिलीइतका जोर नव्हता.

मग गल्लीच्या टोकाचे दार वाजले. तात्या कुंचा घेऊन येत होते. "चला रे," ते मोठ्याने म्हणाले. "भांडण भिंतीशी आहे, ताण्याशी नाही." एकेक दार उघडले. भागाक्का खळीचे पातेले घेऊन आली. ते तिने असे आपटले की गल्लीला कळावे, पण एक थेंबही सांडला नाही.

ताणा खांबाशी वळला. भागाक्का तिथे थांबली. "काठकर, धागा वळला की रुसतो. बाहेरच्या अंगाचे ओढले जातायत. आतले लोंबतायत."

"मागावर ताण सारखा करून घेईन."

"खळ बसली की धागा कुणाचं ऐकत नाही."

"माझं ऐकेल," काठकर म्हणाला. "हे हात काठकराचे आहेत."

भागाक्काने कुंचा खळीत बुडवला. तिला जे सांगायचे होते ते सांगून झाले होते.

विणकाम सुरू झाले. पहिले काही दिवस सारे ठीक चालले. आईला धागे दिसत होते. ती गुणगुणत होती, सुनेला हाका मारत होती, शेजारणींच्या बोलण्यावर पडवीतूनच शेरे मारत होती. काठकराला वाटले, आपण केले ते बरोबरच केले.

मग उजवा काठ लहरू लागला. डावा काठ मागावर शांत बसे, उजवा पावसाळ्यातल्या पापडासारखा वर येई. काठकराने धागे आवळले, सैल केले, पुन्हा आवळले. आईने काठ उसवून परत भरला. काठ परत लहरला. तिने पुन्हा उसवला. आता ती गुणगुणत नव्हती.

"दिसतंय मला सगळं," ती म्हणाली. "उजेड आहे, धागा आहे. तरी हंस पोहत नाहीत रे. बुडतात."

काठकर धागे चाचपत राहिला.

"डोळ्यांना दोष देत होते मी. पण दोष हाताचा होता. माझा हातच गेला."

काठकराने आडव्या धाग्याचा धोटा मागावर फेकला, धागा ओढला. त्याला ठाऊक होते. पहिल्या लहरीलाच त्याने ओळखले होते, की खांबावर ताणलेले धागे आता आपली खोड विसरणार नाहीत. चूक आईच्या बोटात नव्हती, भिंतीच्या कोपऱ्यात होती. पण ते सांगायचे, तर दोरीबद्दल खोटेच 'हो' म्हणालो होतो तेही सांगावे लागणार.

दुसऱ्या दिवशी आई मागावर बसली नाही. तिने आपल्या रंगीत धाग्यांच्या कांड्या एका फडक्यात गुंडाळल्या, गाठ मारली आणि ते गाठोडे सुनेच्या हातात ठेवले.

"राजवाड्याला निरोप धाड," ती मुलाला म्हणाली. "म्हणावं, या घराचा काठ संपला. दुसरीकडे विणून घ्या. आपण होऊन सांगितलेलं बरं. लोकांनी दाखवून द्यायच्या आत."

एवढे बोलून ती भिंतीला टेकून सरळ बसली. रडली नाही. तिची पाठ नेहमीसारखीच ताठ होती, आणि तेच काठकराला पाहवले नाही.

सुनेने गाठोडे हातात धरले होते. ती नवऱ्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "त्यांचा हात गेलेला नाही, हे त्यांना कोण सांगणार? तुम्ही की मी?"

असे म्हणतात, की काठकर तेव्हा आईसमोर जमिनीवर बसला. ज्या माणसाने सगळ्या गल्लीपुढे मान वाकवली नव्हती, त्याने तिच्या पायाला हात लावला.

"आई, हात तुझा नाही गेला. ताणा वाकडा होता. मी भिंतीला वळसा घालून ताणला."

"वळसा?" ती म्हणाली. "सरळ गल्लीत वळसा कसा येईल?" आणि लगेच तिला उमगले. विणकराच्या घरात जन्म गेला होता तिचा. "दोरी ओलांडलीस."

"हो."

"आणि मला आत आहे म्हणालास."

"हो, आई."

ती उठली. "मला बाहेर ने."

सकाळची वेळ होती. बायका ओट्यांवर बसून सूत उकलत होत्या. काठकराची आई कितीतरी दिवसांनी गल्लीत आलेली पाहून सगळ्यांचे हात थांबले. तिने मुलाचा हात सोडला. हरबाच्या घराच्या भिंतीवर तळवा टेकला आणि भिंतीच्या कडेने हळूहळू चालू लागली. हरबाची भिंत संपली, आणि पुढच्या पावलाला तिचा खांदा नव्या पडवीवर आदळला. ती थांबली. दोन्ही हातांनी तो कोपरा चाचपला. खांबही चाचपला.

मग ती लोकांकडे वळली. डोळ्यांजवळ धरलेले सोडले तर उजेडातही तिला सारे धूसरच दिसे; वळली ती थोडी चुकीच्या दिशेला, तळ्याकडे तोंड करून. तेवढ्यावरून भागाक्काला सारे समजले.

"मला दिसत नाही," म्हातारी स्वच्छ आवाजात म्हणाली. "आतल्या खोलीत धागा ओळखू येत नाही. म्हणून माझ्या मुलानं हे बांधलं. लाज वाटून त्यानं तुम्हाला सांगितलं नाही. मला लाज नाही. हे डोळे मी निजून घालवलेले नाहीत, काठ विणून घालवलेत."

भागाक्काच्या मांडीवरचे सूत घरंगळून खाली गेले.

"काकू," ती म्हणाली, "मी समोर राहते. रोज तुमच्या दाराकडे तोंड करून खळ ढवळते. तुम्ही बाहेर का येत नाही, हे एकदाही विचारलं नाही मी. भिंत केवढी आली ते मात्र रोज पाहिलं."

तात्या गर्दीतून पुढे आले. "वहिनी, हे आधी कळलं असतं तर."

"तर काय केलं असतं, भावोजी? दोरी सैल केली असती?"

तात्यांनी विचार केला. खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती. "नाही," ते म्हणाले. "दोरी हलली नसती. आम्ही हललो असतो."

म्हातारीने मान डोलावली. हे उत्तर तिला आवडले. तिने मुलाकडे हात केला. पण काठकर तिथे नव्हता. तो परसात गेला होता आणि कुदळ घेऊन परत येत होता. त्याचे पागोटे डोक्यावर होते, मान वर होती. वाटेत तो कुणाचीही नजर चुकवत नव्हता. त्याने कोपऱ्यावर पहिला घाव घातला.

हरबा धावला तसे तात्यांनी त्याचे उपरणे धरले. "थांब. पहिली वीट त्याची त्याला काढू दे."

पहिली वीट निघाली, दुसरी निघाली. मग तात्यांनी उपरणे सोडले आणि सगळी गल्ली त्या भिंतीवर तुटून पडली. कौले उतरली, वासे उतरले. विटा हातोहात जाऊ लागल्या.

"विटा कुठे ठेवू?" हरबाने विचारले.

"माझ्याकडे टाक," भागाक्का म्हणाली. "राजवाड्याच्या विटांची चूल कुणाकडे आहे या गावात?"

आता मात्र काठकरही हसला.

जागा झाडून झाली तेव्हा तात्या म्हणाले, "वहिनी, तुमचा माग माझ्या ओसरीवर येतोय. तिथे दिवसभर ऊन असतं. माझा माग तुमच्या आतल्या खोलीत जाईल."

"आणि तुम्ही अंधारात काय विणणार?"

"साधं पांढरं कापड. ते मी झोपेतही विणतो."

"झोपेतच विणतात," तात्यांच्या बायकोने दारातून सांगितले. "म्हणून तर तसं दिसतं."

अंतरपाटाला आता नवे सूत लागणार होते. ज्याच्या घरी जे सर्वांत बारीक सूत होते, ते त्याने आणून दिले. कोणी मागितले नव्हते, आणि कोणी मोजूनही घेतले नाही. पुढच्या पहाटे काठकराने हाक दिली, आणि हाक संपायच्या आत गल्ली भरली. ताणा एका टोकापासून तळ्यापर्यंत गेला. कुठे वळला नाही, कुठे टेकला नाही. जिथे काल भिंत होती तिथे आज भागाक्का उभी होती आणि कुंचा फिरवत होती. सूर्य वर आला तेव्हा ओले धागे असे चमकले, की तळ्याचेच पाणी गल्लीत आल्यासारखे वाटले. त्या सकाळी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचा ऊर भरून आला होता. राज्यात दुसरीकडे कुठे असा ताणा पडणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

तात्यांच्या ओसरीवर आईने हंस भरले. लग्नमंडपात दोन भटजींनी दोन टोके धरून अंतरपाट उचलला. तो दोन्हीकडून सारखा उतरला, पाण्याच्या पातळीसारखा. मंगलाष्टकांच्या सुरांनी तो किंचित हलला आणि काठावरचे हंस पोहू लागले.

राजाला कापड फार आवडले. ते न्यायला आलेल्या जासुदाने भागाक्काच्या दारातला विटांचा ढीग पाहिला होता, लोकांना विचारून सारी हकीकत ऐकली होती, आणि ती राजाच्या कानावर घातली होती. काही दिवसांनी तोच जासूद परत आला. सगळ्या गल्लीसमोर त्याने राजाचा हुकूम सांगितला, की काठकराने आपल्या घरापुढे हवी तेवढी पडवी बांधावी, कोणी हरकत घेऊ नये.

हरबाने भागाक्काकडे पाहिले. भागाक्काने तात्यांकडे पाहिले. तात्या काठकराकडे पाहत नव्हते. ज्याचे उत्तर त्याला देऊ द्यावे, असे त्यांचे मत होते.

काठकर आपल्या ओट्यावर उभा होता. त्याने पागोटे सरळ केले.

"राजेसाहेबांचे उपकार आहेत," तो म्हणाला. "पण ही जागा माझी मी सोडलेली आहे. सोडलेली जागा परत घेणं आमच्या गल्लीत कमीपणाचं समजतात."

"पण हुकूम राजाचा आहे," जासूद म्हणाला.

"म्हणून तर मान लववून सांगतो, नको."

जासुदाला काही कळले नाही. तो घोडा फिरवून निघून गेला. पण तात्या, ज्यांना या गल्लीत कोणी कधी गहिवरलेले पाहिले नव्हते, त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि उगीचच आभाळाकडे पाहिले.

पुढे म्हातारीचे डोळे पुरतेच गेले. तेव्हाही ती तात्यांच्या उन्हात बसून राहिली आणि गल्लीतल्या मुलींची बोटे हातात घेऊन त्यांना हंस शिकवीत राहिली. तात्या शेवटपर्यंत काठकराच्या अंधाऱ्या खोलीत विणत राहिले आणि शेवटपर्यंत कुरकुरत राहिले. त्या गल्लीत मग कुणाला घर अपुरे पडले, तर तो आधी शेजाऱ्याच्या ओट्यावर येऊन बसे आणि आपली अडचण सांगे. शेजारी ती ऐकून घेई आणि आपल्या घरात कुठे जागा होते का, ते पाही.

तात्पर्य: ज्याला आपल्या हक्काची जागा सर्वांसाठी सोडता येते, त्याचीच मान खऱ्या अर्थाने ताठ राहते.